सुकतीच्या वेळचं माप

"तेराशे टन कमी आहे," सर्व्हेयर म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

मी आकडा दोनदा वाचला. गोव्यात मुरगावला जहाज भरलं तेव्हा कागदावर माल होता ६२,१८० टन. इथे, चीनच्या लियानयुंगांग बंदरात, धक्क्याला लागल्यावर पहिल्या मोजणीत निघाला ६०,८८०. लोहखनिज काही वाटेत उडून जात नाही. समुद्रात सांडत नाही. हॅच कव्हरांवरची, म्हणजे मालाच्या कोठारांच्या झाकणांवरची, सीलं सकाळी आम्ही दोघांनी मिळून तपासली होती, सगळी जशीच्या तशी होती. तरी तेराशे टन नव्हते.

तारीख १६ मार्च २०१०. गुढीपाडवा. त्या जहाजावर मी चीफ ऑफिसर होतो, आणि चीफ ऑफिसरकडे माल म्हणजे घरातल्या तिजोरीच्या किल्ल्या. भरताना सही माझी, उतरवताना सही माझी. अशा व्यवहारात अर्ध्या टक्क्यापर्यंतचा फरक, म्हणजे आमच्या मालावर साधारण तीनशे टन, मोजणीतला फरक म्हणून सोडून देतात. तेराशे टन म्हणजे लाख डॉलरच्या वरचा दावा. कंपनी, विमा, वकील, आणि सगळ्यांच्या पत्रांत माझं नाव.

मी रेडीचा. वेंगुर्ला तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीला चिकटलेलं गाव. आमच्याकडे लोहखनिजाची खाण आणि छोटं बंदर. वडील खाणीवर मुकादम होते. घरातला पांढरा सदरा कधी पांढरा राहिला नाही, सगळ्यावर तो तांबूस रंग. त्यामुळे गोव्याच्या खाणींतलं खनिज मांडवी आणि जुवारीतून बार्जने मुरगावला येतं, जहाजात पडतं आणि चीनला जातं, हे सगळं माझ्यासाठी लहानपणापासून पाहिलेलं चित्र. फक्त ते पुढे कुठे जातं ते मी जहाजावर आल्यावर पाहिलं. त्या काळात गोव्याचा माल वर्षाला साडेचार कोटी टनांच्या आसपास बाहेर जायचा आणि बहुतेक सगळा चीनला. आपलं खनिज हलक्या प्रतीचं, पण चीनच्या पोलाद कारखान्यांना ते ऑस्ट्रेलियाच्या आणि ब्राझीलच्या चांगल्या मालात मिसळायला चालायचं.

ड्राफ्ट सर्व्हे म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. साठ हजार टन कोणी तराजूत घालत नाही. जहाज हाच तराजू. जहाजाच्या अंगावर पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणी आकडे रंगवलेले असतात. पाणी कुठल्या आकड्यापर्यंत आहे ते वाचायचं, की जहाज किती बुडालं ते कळतं. पाण्याची घनता मोजायची, कोष्टकातून जहाजाचं एकूण वजन काढायचं, आणि त्यातून रिकाम्या जहाजाचं वजन, टाक्यांतलं पाणी, इंधन, बॅलास्ट म्हणजे तोलासाठी भरलेलं पाणी, हे सगळं वजा करून उरेल ते घ्यायचं. ते तुमच्या मालाचं वजन. आमच्या जहाजाला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ६५ टन. हाताच्या नखाएवढ्या अंतरात सहा ट्रक खनिज. म्हणून ते आकडे वाचताना माणूस श्वास रोखून बघतो.

आता सकाळकडे येतो.

पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात नेणारे तिथले वाटाडे, पहाटे तीनला चढले. पहाटेचं हाय-जौ उपसागराचं पाणी तेलासारखं शांत होतं, थंडी हाडात जाणारी. वाटेत उजेडाच्या कडेला बांबूंची शेतं दिसत होती. समुद्रात रोवलेले खांब, त्यांना ताणून बांधलेली जाळी, मैलोन्‌मैल. इथले लोक हिवाळाभर त्या जाळ्यांवर समुद्री शेवाळ पिकवतात, तेच वाळवून कागदासारखे पापड करतात. मार्च म्हणजे त्यांच्या सुगीचा शेवट. पायलटनी त्या बाजूला जायचं नाही म्हणून दोनदा बजावलं. कोकणातल्या माणसाला हे लगेच समजतं. आमच्याकडे मच्छिमारांच्या रोवलेल्या जाळ्यांना मोठ्या बोटीने धक्का दिला तर गाव उठतं.

चॅनल लांब आणि सरळ. दोन्ही बाजूंना बोया, आणि बोयांच्या पलीकडे चार्टवर बघावं तर पाणी अगदीच उथळ, चार मीटर, तीन मीटर, कुठे त्याहून कमी. म्हणजे आमच्यासारखं सव्वाबारा मीटर बुडालेलं जहाज एका खणलेल्या चरातून चाललेलं. चार्टवर तळ कसला आहे ते एका अक्षराने लिहिलेलं असतं. इथे जिकडेतिकडे चिखलाचं अक्षर. तेव्हा मी ते पाहिलं आणि पुढे गेलो. दुपारी परत त्याच चार्टपाशी यायचं आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

सकाळी पावणेसहाला भरतीच्या माथ्यावर जहाज धक्क्याला लागलं. दोर बांधून होतात तोच धुकं उतरलं. पीत समुद्रात वसंताला धुकं असं एकदम येतं, पाच मिनिटांपूर्वी दिसणारी क्रेन गायब. आमचा डेक कॅडेट साताऱ्याकडचा, वीस वर्षांचा पोरगा, पहिलीच बोट. त्याला टॉर्च देऊन मी धक्क्यावर पाठवलं आणि समुद्राच्या बाजूला दोरीची शिडी सोडून त्याच्याकडूनच वाचून घेतलं. सहाही आकडे त्याने वहीत टिपले. सरासरी १२.२७ मीटर. मुरगावहून निघाल्यापासून जळलेलं इंधन आणि खर्च झालेलं पाणी धरून माझा स्वतःचा हिशोब १२.२६ सांगत होता. मी समाधानाने चहा प्यायलो.

मग गुढी. सारंगचाचांनी बांबू आणून ठेवला होता. चाचा आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, दाभोळ बाजूचे, कोकणी मुसलमान, घरात तीन पिढ्या दर्यावर्दी. स्टीलचा तांब्या, कपड्यांच्या दुकानातून कोणीतरी सिंगापूरला घेतलेलं जरीचं कापड, कडुलिंबाऐवजी कढीपत्त्याच्या फ्रीजमधल्या काड्या. मागच्या डेकवर धुक्यात ती गुढी उभी राहिली. मुंबईचा कुक श्रीखंड करत होता. दहापर्यंत दिवस चांगला चालला होता.

सर्व्हेयर अकराला आले. साठीच्या घरातले, बुटके, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. त्यांचं इंग्रजी तुटक पण नेमकं. शिस्तीचा माणूस, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पाण्याचा नमुना त्यांनी तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरून घेतला, घनता मोजायचा हायड्रोमीटर डोळ्यांच्या रेषेत धरून वाचला. टाक्यांचं साउंडिंग, म्हणजे आत किती पाणी आहे ते, स्वतः टेप सोडून मोजलं. आकडे वाचताना वाकून, गुडघे टेकून. सरासरी आली १२.०९.

म्हणून तेराशे टन.

मी त्यांना कॅडेटची वही दाखवली. त्यांनी ती आदराने पाहिली आणि परत दिली. "अंधार, धुकं, मुलगा नवीन," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझाही पोरावरचा विश्वास डळमळला. तो दारात उभा होता, त्याने ऐकलं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "सर, मी दोनदा वाचलं होतं," तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता.

मी डेकवर आलो. डोक्यात एकच चाललं होतं: पाच तासांत बॅलास्ट काढलं नाही, पाणी टाकलं नाही, वजन कमी होण्यासारखं काही घडलं नाही, मग जहाज अठरा सेंटिमीटर वर आलं कसं?

सारंगचाचा गँगवेपाशी, म्हणजे धक्क्यावर उतरायच्या शिडीपाशी, उभे होते. गँगवेच्या खालच्या टोकाला रोलर असतो, जहाज थोडं जरी हललं तरी तो धक्क्यावर पुढेमागे फिरतो. चाचा त्याच्याकडे बघत होते.

"साहेब, बोट बसलीय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आमच्या खाडीत गलबत सुकतीला बसायचं ना, तशी. पायाखाली लागतं. मघापासून हा रोलर एक इंच हलला नाही. दोर बघा, सगळे सारखे ढिले. तरंगतं जहाज असं गप्प राहत नाही."

कोकणात हे लहान पोरालाही माहीत असतं. भरतीला गलबत खाडीत आणायचं, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ते गाळात टेकतं, तेव्हा माल उतरवायचा, पुढच्या भरतीला पुन्हा तरंगतं. पण दोनशे पंचवीस मीटर लांबीच्या पोलादी जहाजाबद्दल हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. वर कालच अमावस्या होऊन गेलेली. म्हणजे उधाण. उधाणाला भरती जेवढी चढते तेवढीच सुकती खाली जाते. या बंदरात भरती-सुकतीचा फरक एरवीही साडेतीन मीटरच्या आसपास असतो. पूर्ण सुकती दुपारी बाराच्या सुमाराला, आणि मोजणी झाली साडेअकराला.

जहाज खाली टेकलं तर त्याचं काही वजन तळ उचलतो, आणि तेवढं ते पाण्यात कमी बुडतं. तराजूच्या पारड्याखाली कोणी हात धरला तर माप हलकं येणारच.

पण हे दाखवायचं कसं? आवाजाने खोली मोजणारा इको साउंडर चालू केला तर तो गोंधळून गेला, एकदा शून्य दाखवायचा, एकदा काहीच नाही. मग मी चाचांना जुना हँड लेड काढायला सांगितला. शिशाचा लांबट गोळा, तीन-साडेतीन किलोचा, वर दोर, आणि बुडाला एक खळगा. त्या खळग्यात ग्रीस भरायचं, म्हणजे तळाला जे असेल ते चिकटून वर येतं. हल्ली हे कोणी वापरत नाही. पण कसाबच्या, म्हणजे जहाजावरचं सामान सांभाळणाऱ्या खलाशाच्या, स्टोअरमध्ये तो असतोच.

आम्ही समुद्राच्या बाजूला, मधल्या आकड्यांजवळ, लेड सोडला. दोर माझ्या हातात होता. वाळू असली की लेड ठक्कन थांबतो, दगड असला तर हाताला झणका बसतो. इथे तसं काही झालं नाही. अकरा मीटर, साडेअकरा, आणि मग दोर हळूच जड होण्याऐवजी हलका व्हायला लागला. लेड थांबला नाही, बुडत गेला, जसा चमचा दह्यात जातो. त्याला कुठे तळ म्हणायचं ते हाताला कळत नव्हतं. नीट थांबला तेव्हा दोरावर बारा मीटर आणि तीस सेंटिमीटर. वर ओढला तर खालचा वीतभर भाग दिसतच नव्हता, सगळा चिखलाने लिंपलेला.

तो चिखल मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. पिवळट करडा, दुधात हळद कमी पडल्यावर जसा रंग येतो तसा. बोटांत घेतला, चोळला, तर एकही कण लागेना. मैदा भिजवावा तसा. आणि थंडगार. तोंडाशी नेला तर मिठाचा आणि कुजक्या पानांचा वास.

लेड तसाच उचलून मी ऑफिसमध्ये गेलो आणि वर्तमानपत्र पसरून सर्व्हेयरांच्या समोर ठेवला. काही बोललो नाही. त्यांनी चष्मा काढला, दोन बोटांनी चिखल घेतला, माझ्यासारखाच चोळून पाहिला.

"नी," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत चिखलाला नी म्हणतात. मग बऱ्याच वेळाने इंग्रजीत: "तुम्ही बरोबर आहात. थांबू."

थांबणं सोपं नव्हतं. माल उतरवणाऱ्यांचा फोरमन दोनदा येऊन गेला होता. क्रेन तयार, खनिज उचलणारा पंजा म्हणजे ग्रॅब तयार, माणसं उभी. एकदा पहिला ग्रॅब उचलला की सुरुवातीची मोजणी संपली, मग काही सिद्ध करता येत नाही. आमचे कॅप्टन तमिळ, कमी बोलणारे. मी त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला खात्री आहे?" मी हो म्हटलं. ते खाली आले, फोरमनशी बोलले, आणि प्रोटेस्टचं पत्र टाइप करून खिशात ठेवलं, लागलं तर द्यायला. ते पत्र द्यावं लागलं नाही.

साडेतीनला पुन्हा वाचायचं ठरलं. मधले तीन तास सर्व्हेयर जहाजावरच राहिले. कुकने त्यांना पुरी आणि श्रीखंड दिलं. श्रीखंड त्यांनी आधी जिभेच्या टोकाने चाखलं, मग वाटी पुसून खाल्ली.

दीडच्या सुमाराला धुकं फाटलं. आम्ही ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीच्या, बाहेरच्या बाजूला उभे होतो, आणि एकदम समोर डोंगर उभा राहिला. काळा, खडकाळ, बंदराच्या पाठीवरच. युनताय. पाठ फिरवली तर समुद्राच्या बाजूला लांबट बेट, ल्यानदाव. मधल्या पट्टीत बंदर. सर्व्हेयरांनी सांगितलं, बेटाच्या नावातलं ल्यान, डोंगराच्या नावातलं युन, आणि गांग म्हणजे बंदर. गावाला हे नाव १९६१ मध्ये मिळालं. त्याआधी हा सगळा परिसर हाय-जौ म्हणून ओळखला जायचा.

मी विचारलं, हा चिखल येतो कुठून? इथे तर मोठी नदी नाही.

त्यांनी सर्व्हेच्या कोऱ्या फॉर्मची पाठ उलटली आणि पेन्सिल काढली. आधी किनाऱ्याची रेघ. मग दक्षिणेला एक टोक. "इथे पीत नदी होती," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पीत नदी, ह्वांग हो, तर शेकडो किलोमीटर उत्तरेला, बोहायच्या आखातात मिळते. शाळेच्या नकाशात तसंच आहे. त्यांनी मान हलवली आणि तारखा लिहिल्या. ११२८ मध्ये सोंग राजवटीच्या एका अधिकाऱ्याने उत्तरेकडून येणाऱ्या जिन सैन्याला अडवायला नदीचा बांध फोडला. नदी दक्षिणेला वळली, ह्वाय नदीच्या पात्रात शिरली आणि इथून खाली समुद्राला मिळू लागली. १८५५ मध्ये पुन्हा बांध फुटला आणि ती उत्तरेला परत गेली. मधली सातशे वर्षं जगातली सगळ्यात गढूळ म्हणावी अशी नदी या किनाऱ्यावर आपला गाळ ओतत राहिली.

किती ओतला? त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. हा युनताय तेव्हा बेट होता. समुद्रातलं बेट. त्याच्या आणि जमिनीच्या मधली सामुद्रधुनी गाळाने भरत गेली आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो जमिनीला जोडला गेला. आज ज्या सपाटीवर शहर आहे, रेल्वे आहे, शेती आहे, मिठागरं आहेत, तिथून तीनशे वर्षांपूर्वी होड्या जायच्या.

आणि नदी गेल्यावर? तिचा जुना त्रिभुज प्रदेश उघडा पडला. नवीन गाळ येत नाही, म्हणून समुद्र तो खातोय, कित्येक किलोमीटर किनारा मागे गेलाय. जे खाल्लं जातं ते पाण्यात मिसळून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतं, आणि शांत जागा दिसली की बसतं. खणलेलं चॅनल आणि धक्क्याची कुशी, याहून शांत जागा कुठली? म्हणून इथे ड्रेजर कधी थांबत नाही. तीसच्या दशकात डच कंपनीने इथे पहिले धक्के बांधले, गाळ काढण्यात मुरलेले लोक, आणि त्यांनाही तेव्हापासून हाच चिखल काढावा लागला. नव्वदच्या दशकात ल्यानदाव बेट आणि जमीन यांना जोडणारा सहा-सात किलोमीटरचा बांध घातला, लाटा आणि गाळ पश्चिमेकडून आत येऊ नये म्हणून. तो बांध ब्रिजवरून दिसत होता, पाण्यावर ठेवलेल्या पट्टीसारखा सरळ. आमच्या जहाजाखाली सकाळी जो हात धरला गेला होता, तो त्या नदीचा होता. दीडशे वर्षांपूर्वी निघून गेलेली नदी, आणि तिच्यामुळे माझ्या मालातले तेराशे टन कमी दिसत होते. मी त्या फॉर्मकडे बघत राहिलो.

एवढ्या गाळाच्या किनाऱ्यावर बंदर कशासाठी बांधलं, हे मी विचारलं. त्यांचं उत्तर: जमिनीमुळे नाही, रेल्वेमुळे. लानजौपासून चीनच्या मधल्या पट्ट्यातून येणारी लुंगहाय रेल्वे इथे समुद्राला भेटते. त्या मार्गावर हनानचे कारखाने, शानशीचा कोळसा, पुढे शिनज्यांग, कझाकस्तान. इथून रुळांनी निघालं तर रॉटरडॅमपर्यंत जवळपास १०,९०० किलोमीटर एक वाट तयार होते, आणि तिचं पूर्वेचं टोक म्हणजे हा धक्का. आमचं खनिजही याच रुळांवरून आत जाणार होतं. १९८४ मध्ये चीनने परदेशी व्यापारासाठी १४ किनारी शहरं खुली केली, त्यातलं हे एक.

मग ते स्वतःबद्दल बोलले. आजोबा मिठागरात होते. ह्वाय नदीच्या मुखाजवळचं मीठ चीनमध्ये शतकानुशतकं नावाजलेलं, राजाचा मोठा महसूल त्यातून यायचा. नदीने जी सपाट जमीन दिली तीच मिठागराला उत्तम. पाणी हवं तेवढंच आत घ्यायचं, चौकोनी वाफ्यांत पसरायचं, उन्हावर सोडायचं. मी त्यांना शिरोड्याचं सांगितलं. आमच्या शेजारचं गाव, तिथली मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह. मीठ उचललं म्हणून लोकांना तुरुंगात टाकलं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या काळातही सरकारी परवान्याशिवाय मीठ विकलं तर शिक्षा व्हायची. आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. दोन मिठागरांच्या कडेची माणसं एका लोखंडाच्या जहाजावर भेटलेली.

त्यांच्या किल्ल्यांना एक काचेसारखा खडा लटकत होता. स्फटिक. शहराच्या पश्चिमेला तुंगहाय जिल्हा, तिथे शेतात नांगर चालवताना स्फटिक सापडतात असं ते म्हणाले. चीनमधला सगळ्यात मोठा स्फटिकाचा बाजार तिथला. १९५८ मध्ये तिथे साडेतीन टनांचा एकच एक स्फटिक निघाला, तो आता बीजिंगच्या भूशास्त्र संग्रहालयात आहे. मला जास्त थरार वाटला तो दुसऱ्या गोष्टीचा. त्याच जिल्ह्यात २००१ ते २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी जमिनीत ५,१५८ मीटर खोल भोक पाडलं. कारण तिथले खडक कधीकाळी शंभर किलोमीटरहून खोल गेले होते, दोन भूखंड एकमेकांवर आदळले तेव्हा, आणि पुन्हा वर आले. एवढ्या दाबाखाली तयार होणारी खनिजं तिथे हातात घेता येतात. एका बाजूला शंभर किलोमीटर खोलातून वर आलेला कठीण दगड, दुसऱ्या बाजूला तळच नसलेला चिखल, आणि मध्ये एक शहर.

डोंगराच्या पलीकडे त्यांनी हाताने खूण केली. ह्वागुओ शान, फुलाफळांचा डोंगर. ६२४ मीटर, सगळ्या जियांगसू प्रांतात त्याहून उंच काही नाही. चिनी माकडराजाचं घर तिथे, असं सगळी चिनी मुलं मानतात, तोच माकडराजा जो जुन्या चिनी कथेत शुआनझांग भिक्षूसोबत, आपण ज्याला ह्युएन त्संग म्हणतो त्याच्यासोबत, भारतात येतो. खरा शुआनझांग सातव्या शतकात पुलकेशी दुसऱ्याच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहून गेला, हे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातावर थाप मारली. त्यांना ते माहीत नव्हतं. शाळेत शिकलेली एखादी गोष्ट तीस वर्षांनी परक्या माणसाला देता येते, याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

तीन वाजता गँगवेचा रोलर हलला. कॅडेट धावत वर आला सांगायला. पोरगा दुपारभर तिथेच बसून होता, जेवलासुद्धा नव्हता.

साडेतीनला आम्ही पुन्हा खाली उतरलो. या वेळी सर्व्हेयरांनी कॅडेटला पुढे केलं. "तू वाच," म्हणाले. पोराने गुडघे टेकले, पाण्याची रेघ आकड्याच्या पायापासून वर-खाली होत होती, त्याने दोन लाटांच्या मधला क्षण धरला आणि मोठ्याने वाचलं. सर्व्हेयरांनी तोच आकडा लिहिला. सहाही ठिकाणी तसंच. घनता पुन्हा घेतली, टाक्या पुन्हा तपासल्या.

सरासरी १२.२७.

माल ६२,०५० टन. मुरगावच्या आकड्यापेक्षा १३० कमी. त्यातले ११० टन म्हणजे वाटेत खनिजातून झिरपून बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खळग्यात, साठलेलं आणि रोज मोजून बाहेर काढलेलं पाणी. ती नोंद माझ्याकडे दिवसवार होती. त्या वर्षी ती आम्ही जास्तच काळजीने ठेवत होतो. आदल्या वर्षी पावसाळ्यात मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोज ही दोन जहाजं ओलं लोहखनिज घेऊन चीनला निघाली आणि कलंडून बुडाली होती. खनिजात पाणी मुरलं की ते जहाजाच्या हालण्याने चिखलासारखं वाहू लागतं. आमचा माल फेब्रुवारीतला, कोरडा होता, तरी मी रोज पहाटे बिल्ज बघायचो. चिखल म्हटला की मला तेव्हा फक्त होल्डमधला, म्हणजे मालाच्या कोठारातला, चिखल आठवायचा. खालचा आठवायला हवा होता.

सर्व्हेयरांनी सही केली. वेळेच्या रकान्यात १५:४० लिहिलं आणि खाली आपल्या भाषेत एक ओळ. मी विचारलं काय लिहिलंत. "सकाळची मोजणी जहाज गाळात टेकलेलं असताना झाली, ती धरू नये," त्यांनी सांगितलं. स्वतःचीच मोजणी स्वतःच्या हाताने रद्द करणारा माणूस मी नोकरीत फार वेळा पाहिलेला नाही. निघताना त्यांनी कॅडेटशी हात मिळवला, त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मला तो नकाशा काढलेला फॉर्म दिला.

पावणेपाचला पहिला ग्रॅब तिसऱ्या होल्डमध्ये उतरला आणि वर आला तेव्हा त्याच्या दातांतून गोव्याची तांबडी माती धक्क्यावर सांडली. त्या करड्या, पिवळ्या गावात तो रंग एकदम डोळ्यांत भरला. वडिलांच्या सदऱ्याचा रंग. चाचा मागच्या डेकवर गुढी उतरवायला गेले, सूर्य डोंगराआड चालला होता.

रात्री चॅनलमध्ये ड्रेजर काम करत होता. दिवे लावून, हळूहळू, चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पोट भरलं की बाहेर जाऊन रिकामं करायचं आणि परत यायचं. बाराच्या राउंडला मी त्याला जाताना पाहिलं, चारच्या आधी परत येताना पाहिलं.

चार दिवसांनी जहाज रिकामं झालं. शेवटची मोजणी आम्ही भरतीला घेतली, दोघांनी न बोलता तीच वेळ ठरवली होती. जुलैमध्ये मी मुंबईत उतरलो, तेव्हा पुढच्या चीफ ऑफिसरसाठीच्या वहीत लियानयुंगांगच्या पानावर लिहिलं: उधाणाच्या दिवसांत सुकतीच्या दोन तास अलीकडे-पलीकडे ड्राफ्ट वाचू नये. गँगवेचा रोलर बघावा. हँड लेड कसाबच्या स्टोअरमध्ये, डावीकडच्या खालच्या कप्प्यात, ग्रीस बदललेलं आहे. शंका आली तर सारंगला विचारावं.

कॅडेटने ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "सर, चिखलाचा रंगही लिहू का?"

"लिही," म्हटलं. त्याने लिहिलं.